दाढांतील चांदी, पारा आणि वर्षभराचा थकवा

पत्र

मी ५१ वर्षांची असून नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या चार दाढांत वीस-बावीस वर्षांपूर्वी चांदी भरलेली आहे. गेले वर्षभर मला सतत थकवा येतो, ओळखीची नावे आठवत नाहीत, केस गळतात, सांधे दुखतात आणि सकाळी डोळ्यांखाली सूज असते. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी चालू केली आणि ‘या वयात असे व्हायचेच’ म्हणून पाठवले. भाच्याने दाखवलेल्या व्हिडिओंवरून दातांतील चांदीत अर्धा पारा असतो हे मला प्रथमच कळले. शहरातील एका केंद्रात मी गेले, तेथे एक कॅप्सूल देऊन सहा तासांची लघवी तपासली. पाऱ्याचा आकडा ३८ आला आणि तो तांबड्या पट्ट्यात होता. चारही दाढा मोकळ्या करून दहा सलाइनमधून पारा उतरवण्याचे ९० हजार रुपये सांगितले आहेत आणि तोवर थायरॉइडची गोळी बंद ठेवण्यास सांगितले आहे. सांध्यांसाठी महायोगराज गुग्गुळ आणि पार्लरमध्ये मिळणारे उजळपणाचे क्रीम एवढेच मी दीड वर्षापासून वापरते, बाकी रसायने घरात आणत नाही. माझी मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे. तिच्याही एका दाढेत चांदी आहे, ती काढून घ्यावी का? धनुर्वाताच्या इंजेक्शनात पारा असतो म्हणतात, ते तिने घ्यावे का? डॉक्टरांवर माझा विश्वास उरलेला नाही.

उत्तर

ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात माझी नजर दाढांवरून निघून पत्राच्या शेवटाकडे, जेथे तुम्ही क्रीमचा आणि गुग्गुळाचा उल्लेख जाता जाता केला आहे, तेथे थांबली. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडून प्रथम त्याविषयी लिहितो, कारण दाढांचा विचार महिनाभराने केला तरी चालेल, पण हे काम याच आठवड्यात व्हायला हवे.

पार्लरमधून बिनलेबलाच्या डबीत मिळणारे, काही आठवड्यांत त्वचा स्पष्टपणे उजळवणारे क्रीम पाऱ्याचे असण्याची शक्यता खरोखर असते. त्वचेतील रंगद्रव्य ज्या विकराच्या मदतीने तयार होते त्याचे काम पाऱ्याचे क्षार थांबवतात, म्हणून रंग उतरतो, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात शिरून मूत्रपिंडात साठतो. भारतीय नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, मात्र अशा डब्यांमध्ये त्याच्या हजारो पट पारा आढळलेला आहे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी १५ जणांत एकच दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण उजळपणाची क्रीम वापरत होते. आपल्याकडे अकोल्यातील एका कुटुंबातील मायलेकी अशा तिघींची मूत्रपिंडे क्रीममुळे बिघडल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीतून उघड झाले आणि २०२३ च्या सुरुवातीला ती बातमी वृत्तपत्रांत आली होती. या विकारात लघवीवाटे प्रथिने निघून जातात, माणूस गळून जातो आणि सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. तुम्हाला हाच आजार आहे असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही, कारण अशा सुजेची दुसरीही कारणे असतात. पण वर्षभर थकवा, सकाळची सूज आणि दीड वर्ष क्रीम या तिन्ही गोष्टी एका पत्रात वाचल्यावर लघवीतील प्रथिनांची तपासणी न सुचवणे हा माझ्या हातून गुन्हा ठरेल.

क्रीम आजपासून बंद करा. डबी फेकू नका. ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, तारीख लिहून बाजूला ठेवा, म्हणजे गरज पडल्यास तिची तपासणी करता येईल. लघवीची साधी तपासणी, लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण, आणि रक्तातील क्रिएटिनिन व अल्ब्युमिन या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात आणि त्यांचा खर्च तुम्हाला सांगितलेल्या रकमेपुढे नगण्य आहे. प्रथिने जात असतील तर थेट मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जा, क्रीमची डबी सोबत न्या आणि रक्त व लघवीतील पाऱ्याची तपासणी, कोणतेही औषध आधी न घेता, त्यांच्या सांगण्यावरून करा. केरळातील बहुतेक रुग्ण क्रीम थांबवल्यावर सुधारले, हेही लगेच सांगून ठेवतो, म्हणजे या परिच्छेदाने तुमची झोप उडायला नको.

आता गुग्गुळाविषयी. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही नावे दुकानात एकासारखी उच्चारली जातात, पण महायोगराजात वंग, रौप्य, लोह, अभ्रक यांच्याबरोबर नागभस्म म्हणजे शिशाचे भस्म आणि रससिंदूर म्हणजे पारा व गंधक यांचा कल्प असतो. हे कोणी लपवलेले नाही, ग्रंथात तसा पाठच आहे. आयुर्वेदातील रसशास्त्राने, म्हणजे धातूंच्या औषधांच्या शास्त्राने, पाऱ्याला कधी निरुपद्रवी मानले नाही, म्हणून तर त्याच्या शोधनावर इतका भर दिला. आपल्या औषध नियमांतही पारद म्हणजे पारा आणि हिंगूळ व रसकर्पूर ही त्याची संयुगे विषारी द्रव्यांच्या यादीत असून अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. तुम्ही पत्रात कोणा वैद्यांचे नाव घेतलेले नाही. ती गोळी दुकानातून परस्पर आणत असाल, तर ती देखरेख तुमच्या बाबतीत झालेली नाही. बोस्टन परिसरातील दुकानांत विकली जाणारी दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने २००४ मध्ये तपासली गेली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले होते. आयुर्वेदावर आरोप करण्यासाठी मी हे सांगत नाही. दातातील पाऱ्याच्या भीतीने झोप गमावलेली व्यक्ती रोज सकाळी कोमट पाण्याबरोबर पारा आणि शिसे घेत असेल, तर ती गोष्ट तिला कोणीतरी सांगायलाच हवी. गोळी थांबवा, आणि सांध्यांसाठी आयुर्वेदाचेच उपचार हवे असतील तर पदवीधर वैद्यांकडे जाऊन धातूविरहित औषध मागा. ते असते.

आता दाढांकडे येतो.

व्हिडिओतील मूळ विधान खरे आहे. आपण ज्याला चांदी म्हणतो त्या मिश्रणाचा साधारण अर्धा भाग पारा असतो आणि उरलेला चांदी, कथील व तांबे यांच्या भुकटीचा. हे दंतवैद्यांनी रुग्णाला भरण्यापूर्वीच सांगायला हवे होते. बावीस वर्षांनी भाच्याच्या मोबाइलवरून ते कळावे याचा तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे. मी गेली चौतीस वर्षे दंतवैद्यक करतो. शिकत असताना आम्ही पारा आणि भुकटी लहानशा काचेच्या खलात घोटत असू, ते मिश्रण मलमलच्या फडक्यात घेऊन बोटांनी पिळत असू आणि जादा पारा थेंबाथेंबाने खाली वाटीत पडत असे. हातमोजे नव्हते. खिडकी उघडी ठेवा असेही कोणी बजावले नाही. त्या खोलीत रोज आठ तास बसणाऱ्या मदतनीस मुलींच्या आरोग्याची चिंता माझ्या मनात आली तीही फार उशिरा, आणि ही गोष्ट आठवली की आजही वाईट वाटते. म्हणून पाऱ्याची भीती ही अडाणी माणसाची भीती आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. हा वादही नवा नाही. अमेरिकेत १८४० मध्ये स्थापन झालेल्या दंतशल्यवैद्यांच्या संस्थेने आपल्या सदस्यांकडून पाऱ्याचे मिश्रण वापरणार नाही अशी लेखी प्रतिज्ञा घेतली होती, तर १९२६ मध्ये आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या वाफेने आपली स्मृती कशी बिघडली हे लिहून दातांतील भरावांविरुद्ध इशारा दिला होता. स्टॉक यांची प्रयोगशाळा मात्र पाऱ्याने भरलेली होती, आणि वर्षानुवर्षे ती वाफ त्यांच्या श्वासातून जात राहिली.

येथे पाऱ्याची तीन रूपे वेगळी ओळखायला हवीत, कारण व्हिडिओंत ती एकाच नावाखाली येतात. पहिले रूप म्हणजे धातुरूप पारा आणि त्याची वाफ. गिळलेला द्रव पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, परंतु श्वासावाटे गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो. दातातील भरावातून निघते ती हीच वाफ. दुसरे रूप पाऱ्याच्या क्षारांचे, म्हणजे तुमच्या क्रीममध्ये ज्याची शंका आहे ते, आणि त्याचा रोख मूत्रपिंडावर असतो. तिसरे रूप मिथाइल पारा. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून तो उपसागरात गेला, माशांत साठला आणि ते मासे खाणारी माणसे, मांजरे व जन्माला येणारी मुले लुळी पडली. १ मे १९५६ रोजी त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी कारखान्याचे ते सांडपाणी १९६८ पर्यंत चालूच राहिले. व्हिडिओत तुम्ही जी वेडीवाकडी झालेली बोटे पाहिली असतील ती बहुधा मिनामाताची असतील. दातातील चांदीतून तसा आजार होत नाही.

भरावातून रोज किती पारा शरीरात जातो? चावताना, दात खाताना आणि फार गरम पिताना वाफ थोडी अधिक निघते, परंतु बहुतेक अंदाज दिवसाला १ ते ५ मायक्रोग्रॅम एवढे आहेत. हे प्रमाण शून्य नाही. मग त्याने अपाय होतो का, हे पाहण्यासाठी मुलांवरच दोन मोठे अभ्यास झाले आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ५३४ मुले पाच वर्षे, तर दुसऱ्यात लिस्बनमधील ५०७ मुले सात वर्षे पाहिली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दैवयोगाने निवड करून निम्म्या मुलांच्या दातांत चांदी आणि निम्म्यांच्या दातांत दाताच्या रंगाचा भराव घातला होता. चांदी असलेल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा अधिक होता, पण तो सर्वसाधारण मर्यादेतच राहिला. बुद्ध्यंक, स्मृती, लक्ष आणि मज्जातंतूंच्या कार्यात दोन गटांत फरक आढळला नाही. वर्षभरात नावे विसरू लागलेल्या बाईच्या प्रश्नाला यापेक्षा थेट उत्तर देणारे अभ्यास दातांच्या क्षेत्रात फारसे नाहीत. आणखी एक साधा विचार तुम्हीही करून पाहा. भराव बावीस वर्षे जुने आहेत आणि थकवा एका वर्षाचा. नवा भराव सुरुवातीला जास्त पारा सोडतो, जुना कमी. दाढा दोषी असत्या तर हा काळ उलटा असता.

‘मग युरोपात बंदी का?’ असे तुम्ही पत्रात विचारले नसले तरी व्हिडिओत ते नक्की आले असेल. स्वीडनने २००९ मध्ये तो वापर थांबवला आणि १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात, वैद्यकीय गरजेचा अपवाद वगळता, चांदी भरणे बंद झाले. त्यामागचे मुख्य कारण पर्यावरणाचे आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून, कचऱ्यातून आणि स्मशानाच्या चिमणीतून पारा शेवटी पाण्यात जातो, तेथील सूक्ष्म जीव त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो माशांवाटे परत ताटात येतो. मिनामाताच्या नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला, भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि २०२२ पासून त्यात पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्या दातांत, दंतवैद्याला अगदी आवश्यक वाटल्याशिवाय, चांदी भरू नये असे ठरले आहे. मला हे धोरण योग्य वाटते, आणि माझ्या दवाखान्यात मी नवी चांदी भरणे कधीच थांबवले आहे. मात्र नवी भरू नये आणि जुनी उखडून काढावी ही दोन वेगळी विधाने आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये गरोदर स्त्रिया, लहान मुले, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण यांच्या दातांत नवी चांदी शक्यतो टाळावी असे सांगितले, आणि त्याच निवेदनात, शाबूत असलेले जुने भराव वैद्यकीय गरज नसताना काढू नयेत असेही बजावले.

याचे कारण माझ्या खुर्चीवर रोज दिसते. ड्रिलने चांदी काढताना एकाच बैठकीत जेवढी वाफ व धूळ उडते तेवढी एरवी त्या भरावातून निघत नाही. शिवाय प्रत्येक वेळी दाढेची थोडी निरोगी भिंतही जाते. मोठा भराव काढला की दाढ कमजोर होते, मग कॅप लागते, कधी नसेपर्यंत जाऊन रूट कॅनल करावे लागते. दाताच्या रंगाचे कंपोझिट दिसायला सुंदर असते, पण मागच्या दाढांत ते चांदीच्या मानाने लवकर निकामी होते आणि त्याच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचे प्रमाणही अधिक असते. एका दिवसात चार सुदृढ दाढांचा असा प्रवास सुरू करून देणे हे दंतवैद्यकात बसत नाही.

भराव तुटला, त्याखाली कीड गेली किंवा दाढेला तडा गेला तर तो जरूर बदला. तेव्हा रबराचा पडदा, जोराचे सक्शन, भरपूर पाण्याचा फवारा आणि तुकड्या-तुकड्याने भराव काढण्याची पद्धत यांची मागणी करा. ही नेहमीची काळजी आहे, तिच्यासाठी वेगळे पॅकेज लागत नाही. आणखी एक कारण आहे, आणि ते मी एका रुग्णाकडून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ गालाच्या आतल्या बाजूस आग होते म्हणून आले. तेथे जाळीसारखे पांढरे चट्टे होते. मी तंबाखूबद्दल विचारले, ‘खात नाही’ म्हणाले, मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्यांदा आले तेव्हा मलम देऊन पाठवले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच बोट लावून दाखवले की चट्टा नेमका चांदीच्या दाढेला टेकतो तेवढ्याच जागी आहे. ती चांदीची स्थानिक प्रतिक्रिया होती. भराव बदलला आणि काही महिन्यांत गाल स्वच्छ झाला. ते बरोबर होते आणि मी ऐकले नव्हते. तेव्हापासून रुग्ण बोट लावून दाखवतो ती जागा मी आधी पाहतो. तुमच्याही चारही दाढांशेजारचा गाल आणि जीभ दंतवैद्यांना नीट पाहायला सांगा. तसे काही नसेल तर दाढांना हात लावू नका.

त्या केंद्राने केलेल्या तपासणीविषयी मला स्पष्ट लिहावे लागेल. लघवीतील पाऱ्याच्या सर्वसाधारण मर्यादा ठरल्या आहेत त्या कोणतेही औषध न घेतलेल्या माणसांच्या लघवीवरून. तुम्हाला आधी जी कॅप्सूल दिली ती धातूंना बांधून लघवीत ओढणारी होती. ती कोणालाही दिली, अगदी दातांत एकही भराव नसलेल्या आणि आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्या कोळ्याला दिली, तरी लघवीतील आकडा वाढतो. वाढलेला आकडा न वाढवलेल्या मर्यादेशी ताडून पाहिला की तो तांबड्या पट्ट्यात जाणारच. अमेरिकेतील विषवैद्यकाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच अशा तपासणीला शास्त्रीय आधार नाही असे जाहीर केले आहे. तुमच्या शरीरात पारा जास्त नाहीच असे यावरून मी म्हणत नाही. क्रीमची शंका तर मीच उपस्थित केली आहे. परंतु त्या ३८ या आकड्यावरून काहीच ठरत नाही, आणि तो जर खरोखर क्रीममधून आलेला असेल तर दाढा फोडून तो कमी होणार नाही.

सलाइनविषयी यापेक्षा कडक शब्द वापरतो. ती घेऊ नका. धातू बांधणारी औषधे खऱ्या विषबाधेत उपयोगी पडतात आणि ती रुग्णालयात, मूत्रपिंड व क्षारांवर लक्ष ठेवून दिली जातात. अशा सलाइनमध्ये पुष्कळदा वापरले जाणारे ईडीटीए पाऱ्यावर प्रभावी नाही, आणि त्याचा सोडियमयुक्त प्रकार रक्तातील कॅल्शियम एकदम खाली आणतो. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा उपचारानंतर कॅल्शियम घसरून तिघांचा मृत्यू झाल्याची नोंद तेथील सरकारी यंत्रणेने केली, त्यांत दोन मुले होती. तुमची मूत्रपिंडे कशी आहेत हे अजून कोणी पाहिलेलेही नाही, आणि दहा सलाइनचा दर मात्र ठरला आहे. पैसे भरले नसतील तर भरू नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर पावतीसह लेखी परत मागा.

थायरॉइडची गोळी बंद केली असेल तर उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करा, आणि ती बंद ठेवली होती हे डॉक्टरांना सांगा. थायरॉइड मंदावले की थकवा, विसरभोळेपणा, केस गळणे, सांधे आखडणे आणि चेहरा सुजणे ही सारी लक्षणे दिसतात, म्हणजे तुमची जवळजवळ संपूर्ण यादी. गोळी चालू असूनही ती उरली असतील तर मात्रा कमी असेल किंवा गोळी घेण्याची पद्धत चुकत असेल. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. हे चार तासांचे पथ्य दवाखान्यात सांगायचे राहून जाते आणि मग गोळी लागू पडत नाही. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करा. त्याबरोबर हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे शिक्षिकेला तो कसा होईल असे समजू नका. पाळी जाण्याच्या काळातील झोपमोड आणि मनाची उदासी यांविषयी डॉक्टरांनी विचारले नसेल तर तुम्ही स्वतः बोला.

तुमच्या मुलीविषयी. तिची दाढ जशी आहे तशीच राहू द्या. गरोदरपणात शाबूत भराव काढणे हीच टाळण्याची गोष्ट आहे, कारण ती वाफ वारेतून गर्भापर्यंत जाते. नवी कीड लागली तर दुसऱ्या तिमाहीत दाताच्या रंगाचा भराव किंवा ग्लास आयनोमर करून घ्यावा, दातदुखी बाळंतपणापर्यंत अंगावर काढू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन तिने घ्यावे. अनेक मात्रांच्या कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. त्यातील इथाइल पारा मिनामाताच्या मिथाइल पाऱ्याहून वेगळा असून रक्तातून फार लवकर निघून जातो. त्याने मुलांना स्वमग्नता (ऑटिझम) होते अशी भीती घातली जाते, पण डेन्मार्कने १९९२ मध्ये मुलांच्या लसींतून थायोमर्सल काढून टाकले, तरी तेथील स्वमग्नतेचे निदान वाढतच राहिले. नाळ कापताना नवजात बाळाला होणारा धनुर्वात आपल्याकडच्या आज्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. गरोदर स्त्रियांना दिलेल्या याच इंजेक्शनांमुळे आणि दवाखान्यातील बाळंतपणांमुळे २०१५ मध्ये भारत त्या आजाराच्या निर्मूलनापर्यंत पोहोचला. तिने तुमची क्रीमची डबी वापरली आहे का, हे मात्र आजच विचारा, आणि वापरली असेल तर तिच्या प्रसूतितज्ज्ञांना तसे सांगा. मासे खात असाल तर बांगडा, तारली, बोंबील, मांदेली तिने निर्धास्त खावीत. मोरी आणि मोठा कुपा यांसारखे मोठे शिकारी मासे तेवढे या महिन्यांत टाळावेत, कारण मिथाइल पारा लहान माशांतून मोठ्यांत साचत जातो.

रोजच्या घरातील विषांबद्दल तुम्ही सावध आहात तर पाऱ्याइतकेच शिशाकडेही पाहा, कारण आपल्या देशात त्याने मुलांचे अधिक नुकसान केले आहे. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील प्रत्येक तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीवर आहे. देवाला लावतो तो शेंदूर परंपरेने शिशाचे ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे गंधकाशी झालेले संयुग. मारुतीला शेंदूर जरूर लावा, पण हात धुवा आणि येणाऱ्या नातवाच्या कपाळाला तो लावू नका. कुंकू हळदीपासून केलेले घ्या. हळद शक्यतो अख्खी हळकुंडे आणून दळून घ्या, कारण पिवळेपणासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उपखंडात उघड झालेले आहेत. पितळी भांड्यांना कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या. बाळासाठी जुन्या घराच्या खोलीचा रंग खरवडणार असाल तर मुलीला त्या दिवसांत तेथे ठेवू नका, घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली आहे. आणि तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वायुदाबाच्या प्रयोगासाठी पाऱ्याची बाटली असेल, तर ती मुलांच्या हाती पडू नये याची जबाबदारी तुम्ही घ्या. सांडला तर झाडू लावू नका. खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढा आणि कागदाच्या कडेने थेंब गोळा करून बाटलीत बंद करा.

शेवटी तुमच्या त्या वाक्याविषयी, डॉक्टरांवर विश्वास उरला नाही हे. आधुनिक वैद्यकाने पाऱ्याच्या बाबतीत मोठ्या चुका केल्या आहेत. दात येणाऱ्या बाळांच्या भुकटीत इंग्लंडमध्ये कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार घातला जाई, त्याने मुलांचे हातपाय लाल होऊन सोलत, मुले रात्रंदिवस रडत आणि काही दगावत. १९५४ च्या सुमारास भुकटीतून तो काढला आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. चूक डॉक्टरांची होती, ती शोधून काढली तीही डॉक्टरांनीच, मुलांच्या लघवीतील पारा मोजून. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला ‘वय झाले’ म्हणून पाठवले तेव्हा त्यांनी मोजणे टाळले. केंद्राने मोजले, पण चुकीच्या रीतीने. म्हणून तुम्हाला मी विश्वास ठेवा असे सांगत नाही. मोजून घ्या आणि मोजलेले कागद स्वतःजवळ ठेवा. जे डॉक्टर तुमची सूज बोटाने दाबून पाहतील, क्रीमची डबी उघडून पाहतील आणि गोळ्यांची संपूर्ण यादी विचारतील, त्यांच्याकडे जा, मग ते गावातले असोत वा शहरातले.

लघवीचा अहवाल आल्यावर, तो कसाही असला तरी, मला कळवा. सोबत गुग्गुळाच्या वेष्टनावरील घटकांचा आणि चारही दाढांच्या जुन्या एक्स-रेचा फोटो पाठवा, म्हणजे दाढांविषयी उरलेला प्रश्नही मी नीट पाहून सांगेन.